डॉक्टरांनी सांगितलेली टाच

ताई,

वय ३९, मुक्काम त्रिमूर्तीनगर, नागपूर. वर्धा रोडवरच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतो. घरी बायको, चौथीतली मुलगी आणि बाबा. मला बूट आवडतात. साधे नाही, गुडघ्यापर्यंत येणारे, टाचेचे. कधीपासून ते सांगता येणार नाही. शाळेत असताना २६ जानेवारीची परेड टीव्हीवर लागली की राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांचे बूट बघत बसायचो, एवढं आठवतं. बाकी साडी, लिपस्टिक असलं काही मनात येत नाही. फक्त बूट.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक जोड मागवला. काळा, गुडघ्यापर्यंत, तीन इंचांची बारीक टाच. बायकांच्या मापात आठ नंबरच्या वर मिळेना, मला लागतो नऊ. तो जोड माळ्यावर मिक्सरच्या खोक्यात आहे. बायको माहेरी यवतमाळला गेली की काढतो आणि अर्धा तास घरात फिरतो. दिवाळीच्या आधी घोट्यापर्यंतचा, दोन इंच टाचेचा दुसरा जोड घेतला, तो मात्र बायकोने पाहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, की टाच दुखते म्हणून डॉक्टरांनी उंच टाचेचे घालायला सांगितलेत. तिने विश्वास ठेवला. इतका, की आईला फोन करून सांगितलं, आणि सासूबाईंनी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांची पुढच्या शुक्रवारची वेळ घेऊन टाकली.

मला ते उंच बूट घालून रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सला फिरायचं आहे, मेट्रोने सीताबर्डीला जायचं आहे. चोरून नाही. एकदा पहाटे पाच वाजता फाटकापर्यंत गेलो होतो. दूधवाला दिसला, परत आलो. हा काही आजार आहे का? लोक मला छ... म्हणतील, पुढचं लिहवत नाही. ऑफिसचं काय करू? आणि हल्ली ते बूट काढले की उजव्या पायाची दोन बोटं तासभर बधिर असतात.

— टाच वर, मान खाली

-----

भाऊ,

शुक्रवारच्या अपॉइंटमेंटपाशी आले आणि मला इतकं हसू आलं की आतून जाऊबाई बघायला आल्या, काय झालं म्हणून. राग मानू नका. हसले ते बुटांना नाही, सासूबाईंच्या तडफेला. जावयाची टाच दुखते म्हटल्यावर यवतमाळहून फोन फिरवून नागपुरातल्या डॉक्टरची वेळ मिळवणारी सासू प्रत्येकाच्या नशिबात नसते.

आधी आजाराचं. नाही, आजार नाही. एखाद्याला घड्याळं आवडतात, एखादा पेनं जमवतो, तुम्हाला बूट आवडतात. तुमचा जीव त्यात रमतो, कुणाचं काही बिघडत नाही, नोकरी-संसार नीट चाललाय. यात औषध देण्यासारखं काहीच नाही. बोटांचं वेगळं, त्यावर येतेच.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात बूट आहेत थोडे, कारणं फार आहेत. डॉक्टर हे एक कारण झालं. परेडही तुम्ही कारण म्हणूनच आणलीत असं मला वाटतं. लहानपणीचं आहे, लष्करी आहे, म्हणजे चालण्यासारखं आहे. ‘साडी-लिपस्टिक मनात येत नाही’ हे तर न विचारता दिलेलं स्पष्टीकरण. ‘आवडतात म्हणून घालतो’ या तीन शब्दांवर भागवायची तुमची हिंमत होत नाही, खरी अडचण एवढीच आहे.

आणि ही अडचण तुमच्या एकट्याची नाही. पुरुषाने काय घालावं यावर आपल्याकडे वरवर बंदी कशालाच नाही, फक्त कारण दाखवावं लागतं. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की चांगले मिशीवाले गृहस्थ बायकोचा फुलाफुलांचा दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळून स्कूटरवर निघतात. कुणी वळूनसुद्धा बघत नाही, कारण ऊन सगळ्यांना दिसतं. सावनेर-उमरेडकडे कोळशाच्या खाणीत गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालून माणसं उतरतात, काटोलकडे बागेत पाणी द्यायला तेच बूट, आणि कारण चिखल. लग्नातला नवरदेव बघा. कपाळाला मुंडावळ्या, गालाला काजळाची तीट, गळ्यात मोत्यांच्या माळा, पायात चोच वळलेली जरीची मोजडी. एरवी कोणी अशा वेषात इतवारीतून गेला असता तर पोरं मागे लागली असती. पण दाराशी घोडी उभी आहे, बँड वाजतोय, कारण मिळालं. तुमच्याकडे ऊन नाही, चिखल नाही, घोडीही नाही. म्हणून तुम्ही डॉक्टर उभा केलात.

१९७५ ची गोष्ट सांगते. आम्ही तेव्हा नागपूरच्या महाल भागात राहायचो. माझा थोरला भाऊ कॉलेजात होता आणि बेलबॉटमचा जमाना ऐन भरात होता. त्याने बर्डीवरून जाड तळव्याचे, तीन इंच टाचेचे बूट आणले. तीन इंच, तुमच्या मिक्सरच्या खोक्यातल्या इतकेच. ते घालून सायकलवर निघाला, पायडलवरून टाच घसरली आणि कॉटन मार्केटच्या चौकात भाजीच्या हातगाडीवर पडला. घरी आला तो मेथीच्या पानांसकट. आजोबांनी एकच विचारलं, ‘कितीचे?’ किंमत ऐकून दोन दिवस बोलले नाहीत. पण हा पोरगा टाचेचे बूट काऊन घालतो, असं घरात, वाड्यात, गल्लीत कुणाच्याही डोक्यात आलं नाही. सगळीच पोरं घालत होती, सिनेमातले हिरो घालत होते.

त्याच वर्षी मी, म्हणजे चौदा वर्षांची, त्या भावाची आखूड झालेली पँट घालून सायकलवर शाळेच्या मैदानाला चक्कर मारून आले. संध्याकाळी समोरच्या आजी तक्रार घेऊन आल्या. आईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, ‘साखळीत परकर अडकतो तिचा.’ आजी गेल्यावर मला हळूच विचारलं, ‘आवडली का गं?’ मी हो म्हटलं. मग तिने ती कमरेत आत घेऊन दिली. परकर साखळीत अडकत होता हे खोटं नव्हतं. तुमची टाच दुखत होती हे खोटं आहे. म्हणून आईचं कारण निभलं, आणि तुमचं येत्या शुक्रवारी एक्स-रे काढायला निघालंय.

आता तुम्हाला बरं वाटावं म्हणून थोडा इतिहास. ही उंच टाच मुळात बायकांची नाहीच. ती घोड्यावर जन्मली. इराणी स्वारांच्या पायात ती होती ती रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून, कारण दौडत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडायचा तर पाय घसरून चालत नाही. १५९९ मध्ये शाह अब्बासने आपले वकील युरोपात पाठवले. त्यानंतर तिकडच्या सरदारांनी ती टाच उचलली आणि घोड्यावरून उतरल्यावरही पायात ठेवली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ मधलं रिगोने काढलेलं मोठं चित्र आहे, त्यात महाराज पांढरे रेशमी मोजे आणि लाल टाचेचे बूट घालून, पाय पुढे काढून उभे आहेत. दरबारात लाल टाच घालायला मिळणं हा मान होता. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पुरुषांनी टाच सोडली, बायकांनी ठेवली, आणि मग ती बायकांचीच असं सगळ्यांनी धरून चाललं. अमेरिकेतल्या गुराख्यांनी मात्र सोडली नाही. त्यांचं घोड्याशी काम होतं.

आणि आपल्याच अंगणातली एक गोष्ट. आर्थर वेलस्ली नावाच्या इंग्रज सेनापतीने २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. या माणसाने आपल्या चांभाराकडून जुन्या लष्करी बुटाचा गोंडा काढवला, पँटखाली बसेल असा बूट करवून घेतला, आणि तो वेलिंग्टन बूट झाला. नंतर तो रबराचा निघाला. आज बागेत पाणी देणाऱ्याच्या पायात जो गमबूट आहे, तो त्याचाच वंशज. वऱ्हाड घेऊन गेला आणि बूट ठेवून गेला म्हणा.

देवाधर्माचं हवं असेल तर तेही आहे. रथसप्तमीला आपण ज्याचा रथ रांगोळीत काढतो, त्या सूर्यनारायणाच्या उत्तरेकडच्या जुन्या मूर्ती बघा. कोणार्कला बघा. पायात उंच बूट आहेत. वराहमिहिराने बृहत्संहितेत सूर्याला ‘उदीच्य वेष’, म्हणजे उत्तरेकडचा पोशाख द्यावा असं सांगूनच ठेवलंय. मथुरेच्या संग्रहालयात कनिष्काचा पुतळा आहे. त्याचं डोकं गेलंय, पण बूट शाबूत आहेत. अर्थात या बुटांना तुमच्यासारखी टाच नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण भाऊ, हे सगळं तुमच्यापुरतं. शुक्रवारी सासूबाईंसमोर चौदावा लुई काढू नका. आपला माणूस मनातलं बोलायचं सोडून इतिहास सांगू लागला की बाईला लगेच कळतं, काहीतरी लपवतोय. लुई हे पुन्हा कारणच झालं, फक्त डॉक्टरपेक्षा जुनं.

बायकोचं बोलू. तिला धक्का बसला तर तो बुटांचा कमी असेल आणि डॉक्टरचा जास्त. ती बिचारी तुमच्या दुखण्याच्या काळजीने आईशी बोलली. कदाचित रात्री हळदीचं दूधही दिलं असेल आणि तुम्ही प्यायला असाल. म्हणून सुरुवात माफीने करा, आणि माफी खोट्याची मागा, बुटांची नको. दोन्ही एका वाक्यात कालवलीत तर बूट हाच गुन्हा ठरेल. ती विचारेल त्याची उत्तरं द्या. ‘तुम्हाला पुरुष आवडतात का’ असंही विचारेल. त्यावर चिडू नका. तिच्या जागी बसून बघा, हा प्रश्न येणारच. बुटांवरून माणसाला कोण आवडतं ते कळत नाही, पण तिला ते तुमच्याकडून ऐकायचंय. जे असेल ते सांगा. मनात याखेरीजही काही असेल, जे मला लिहिलं नाहीत, तर तेही तिलाच सांगा.

तिला बूट आवडावेत असा हट्ट धरू नका. ती ‘घाला, पण मी बरोबर येणार नाही’ म्हणाली तर ते पहिल्या दिवशी पुष्कळ झालं. तिच्या भावाच्या लग्नात नको म्हणाली, तर नको. मुलीच्या शाळेच्या फाटकाशी तर मुलीला विचारल्याशिवाय नकोच. चौथीतली पोरं फार क्रूर असतात आणि त्यांच्यात दिवसभर तिला बसायचं असतं. घरात मात्र तिच्यापासून लपवायचं कारण नाही. बाबांना मोठं भाषण नको. त्यांच्यासमोर एक दिवस घालून बसा, ‘असे आवडतात मला’ म्हणा आणि पेपर वाचा. काय म्हणायचं ते म्हणतील. बहुतेक किंमत विचारतील.

आता तो शब्द, जो तुम्ही ‘छ’ पाशी सोडला. पानठेल्यावर खर्रा घोटत उभी असलेली पोरं बोलणार, हे धरून चला. त्यातलं अर्धं बोलणं नागपुरी असतं: ‘काय भाऊ, घोडा कुठं बांधला?’ याला ‘पार्किंगमध्ये’ म्हणायचं आणि पुढे जायचं. असल्या बोलण्यात विष नसतं. एखादा मात्र तो शब्द फेकेल. तेव्हा तुमच्या तोंडून ‘ए, मी तसला नाही’ हे निघू देऊ नका, एवढं माझं ऐका. ‘तसले’ म्हणजे कोण हो? आपल्याच शहरात राहणारी, सिग्नलला आपल्या गाडीच्या काचेशी येणारी माणसं, ज्यांना हा शब्द जन्मभर ऐकावा लागलाय. त्यांना खाली ढकलून आपली पायरी वर दाखवायची, यात कसली मर्दानगी? आणि कायद्यात आज पेहरावाच्या बाजूने जे स्पष्ट लिहिलेलं आहे, ते त्यांच्याच खटल्यातून आलंय. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणूस आपली लिंगओळख कपड्यांतून, वागण्यातून व्यक्त करतो तेही घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तीत येतं. तुम्ही तृतीयपंथी नाही, तुम्हाला फक्त बूट हवेत, ठीक आहे. पण ज्यांनी वाट काढली त्यांच्याच नावाने ओरडू नका. शब्द ऐकू आला तर चालत राहा. कोणी अंगावर आलं, वाट अडवली, पाठलाग केला, तर तो वेगळा विषय. मग ११२ ला फोन करायचा, लाजायचं नाही.

ऑफिसबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. गुडघ्यापर्यंतचे बूट तिथे नेऊ नका, निदान या वर्षी. खासगी कंपनी पोशाखाचे नियम करू शकते, आणि लढायचंच असेल तर आधी घर जिंकलेलं बरं. तो घोट्यापर्यंतचा दोन इंची जोड मात्र खुशाल घाला. पँटखाली टाच तेवढी दिसेल. कोणी विचारलं तर उत्तर तेच तीन शब्दांचं. महिनाभरात त्यांना दुसरा विषय मिळेल, मार्च एंडिंग येतंच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमची बोटं. भाऊ, तुम्ही लोकांना घाबरताय आणि इकडे आठ नंबर तुमचा पाय खातोय! नऊ नंबरचा पाय आठमध्ये कोंबायचा, वर तीन इंच टाच. टाच जितकी उंच तितका शरीराचा भार पुढे, चवड्यावर येतो. तिथे आधीच जागा नाही, बोटं एकमेकांवर चढतात, त्यांच्या मधून जाणारी नस दाबली जाते, म्हणून बधिरपणा. हे असंच चालू ठेवलंत तर दुखणं कायमचं होऊन बसेल. तो जोड आजपासून बंद. बारीक टाच तर आपल्या फुटपाथांवर वेडेपणाच आहे. गट्टूंच्या फटीत ती रुतणार आणि तुमचा घोटा मुरगळणार. बायकांना हे विचारा, प्रत्येकीकडे एक किस्सा असतो.

मग करायचं काय? मापाचे करवून घ्यायचे. पुरुषाच्या मापाचे उंच बूट बनवणारे लोक आपल्या देशात आहेत. घोडेस्वारीचं सामान म्हटलं की कानपूर. खोगीर, लगाम आणि त्याबरोबर रायडिंग बूट, हा तिथला जुना धंदा आहे. पुरुषाची पोटरी गृहीत धरूनच ते शिवतात. तुमच्या ऑनलाइन जोडाची चेन पोटरीवर नक्की अडकत असणार, कारण तो जोड बारीक पोटरीसाठी कापलेला असतो. माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजतो. खुर्चीवर बसा, पाऊल जमिनीला टेकलेलं, गुडघा काटकोनात, जी पँट आणि जे मोजे घालणार ते घालून. टेप पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर फिरवा. दोन्ही पायांचं माप घ्या, क्वचितच सारखं येतं. मग जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतची उंची मोजा आणि त्यातून दोनेक बोटं कमी सांगा, नाहीतर बसताना बुटाची कड मागून मांडीला काचेल.

टाच हवी तेवढी ऑर्डर देतानाच सांगा. ही चूक पुष्कळ जण करतात. एक इंच टाचेचा बूट आणतात आणि मग कोपऱ्यावरच्या मोच्याला म्हणतात, दोन इंच वाढवून दे. तो चिकटवून देईल हो, गरीब माणूस आहे, नाही म्हणणार नाही. पण बूट ज्या फर्म्यावर शिवला तो फर्मा ठराविक टाचेसाठीच असतो. तळव्यात आतून पोलादी पट्टी असते, तिचा बाक त्या उंचीचा असतो. मागून टाच वाढवली की सगळा बूट पुढे कलतो, पट्टी मोडते, आणि मोडते तेव्हा तुम्ही जिन्यात असता. पहिला जोड दीड ते दोन इंच टाचेचा, टाच जाड आणि खाली रुंद, असा घ्या. तीन इंचांची हौस असेलच तर नंतर, आणि तेव्हा पुढचा तळवाही थोडा जाड करायला सांगा, म्हणजे पायाचा उतार कमी होतो. माझ्या भावाचे बूट तसलेच होते. तो पडला ते सायकलमुळे. तुम्हीही गिअरच्या मोटारसायकलवर नव्या टाचेचे प्रयोग करू नका, मेट्रो आहे ना.

बूट आले की लगेच बाहेर धाव नको. घरात रोज वीस मिनिटं. एरवीपेक्षा लहान पावलं, आधी टाच मग चवडा, नजर समोर. खाली बघत चाललात की वाकून चालता. काढल्यावर भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या, कारण टाच उंच राहिली की मागची शीर आखडते. रोज दिवसभर तोच जोड नको.

मोसमाचंही बघा. नागपुरात या बुटांचे महिने दोन, डिसेंबर आणि जानेवारी. तेव्हा सकाळी पारा दहाच्या खाली जातो आणि स्वेटर-मफलरच्या गर्दीत उंच बूट अर्धे खपून जातात. आता संत्री गाड्यांवर दिसायला लागलीत, म्हणजे वेळ फार नाही. मे महिन्यात चामड्याच्या नळकांड्यात पाय घालून फिरणाऱ्याला मी खरंच डॉक्टरकडे पाठवीन. पावसाळ्यात घालू नकाच. आत जुने पेपर कोंबून, नळी उभी राहील असे ठेवा, नाहीतर पोळ्यापर्यंत बुरशी आलेली असेल.

पहिली फेरी रविवारी सकाळी सात-साडेसातला, सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्सच्या बाजूला. पहाटे पाचला नाही. पहाटे पाचला निघणारा माणूस चोरासारखा दिसतो, त्याने काहीही घातलेलं असो. साडेसातला तिथे निम्मं नागपूर ट्रॅकसूटमध्ये हात हलवत चालत असतं. कुणी उलटं चालतं, कुणी टाळ्या वाजवतं, एक गृहस्थ तर झाडाला मिठी मारून उभे असतात. तिथे तुम्ही तसे साधेच दिसाल. त्याच वेळी, त्याच रस्त्याने चार रविवार जा. पहिल्या रविवारी बघतील, दुसऱ्या रविवारी बरोबरच्याला कोपराने ढोसून दाखवतील, चौथ्या रविवारी तो ढोसलेला माणूसच म्हणेल, ‘तो रोजचाच आहे.’ मग मेट्रो. सीताबर्डीच्या स्टेशनावर दोन्ही मार्ग भेटतात, गर्दी असते. सरकत्या जिन्यावर टाच पायरीच्या मधोमध ठेवा आणि कठडा धरा. फुटाळा तलावावर रात्री उशिरा एकट्याने जाऊ नका. पण हे मी साध्या चपला घातलेल्यालाही सांगितलं असतं. कोणी फोन काढून फोटो घेईल, घेईलच. तोंड लपवू नका, तोंड लपवलेल्या माणसाचाच फोटो लोक पुढे पाठवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीत तुमचा बडग्या, म्हणजे टिंगलीचा पुतळा, काढतील अशी भीती वाटत असेल तर निश्चिंत राहा, त्या मानासाठी रांगेत बरेच पुढारी उभे आहेत.

राहिला शुक्रवार. सासूबाईंनी घेतलेली वेळ रद्द करू नका. जा. बोटं खरंच बधिर आहेत, एवढ्या खोट्यातून ते एक खरं निघालंय. डॉक्टर विचारतील तेव्हा सांगा, की मापापेक्षा एक नंबर लहान, तीन इंच टाचेचे बूट दोन वर्षं अधूनमधून घालतो. त्यांनी याहून अजब पुष्कळ ऐकलं असेल. बायकोलाही बरोबर न्या, पण तिने हे पहिल्यांदा त्यांच्या केबिनमध्ये ऐकता कामा नये. त्यामुळे तुमच्याकडे गुरुवार रात्रीपर्यंत वेळ आहे.

मुलगी झोपली, बाबांचा टीव्ही बंद झाला, की स्टूल आणा आणि मिक्सरचा खोका माळ्यावरून उतरवा. स्टूल डगडगतं असेल, एकट्याने चढू नका. बायकोला हाक मारा, म्हणावं जरा धर. खोका हातात आला की ती विचारेलच, ‘यात काय आहे?’